टिपणिसांचं बिऱ्हाड

साखर रेशनवर मिळायची त्या दिवसांत आमच्या वरच्या खोलीतले टिपणीस बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि आपल्या वाट्याची साखर एका बाटलीला घालायचे. मधुमेह नाही, व्रत नाही. विचारलं की म्हणायचे, "घरात खाणारी तोंडं फार!" डोंबिवलीतल्या त्या खोलीत माणूस म्हणाल तर ते एकटेच. खाणारी तोंडं म्हणजे यीस्ट. पाव फुगवतं ते.

कोलशेतकडच्या एका कारखान्यात ते केमिस्ट होते. तिथून आले की हातपाय धुऊन, घड्याळ घेऊन बाटलीसमोर बसायचे. साखर खाल्ली की यीस्ट बुडबुडे सोडतं. ते एका काचेच्या नळीत साठवून किती झाले ते बघायचं, म्हणजे बिऱ्हाड किती जेवलं ते कळतं. मी शास्त्रात जेमतेम पास झालेला कारकून. एकदा शहाणपणा करून म्हटलं, "अहो, ते पाट्यावर वाटून रसच तपासा ना. लवकर आटपेल."

ते दुखावले. "सगळे तेच करतात. मेल्यावर चौकशी! जिवंतपणी विचारा हो, जिवंतपणी."

हे त्यांचं पालुपद. पोस्टमनलासुद्धा ऐकवायचे.

भिंतीवर त्यांनी बिस्किटांचे रिकामे डबे एकाखाली एक टांगले होते, प्रत्येकाला भोक पाडून. वरचा डबा म्हणजे बाहेरची साखर, मधले म्हणजे यीस्टच्या पोटात तिचं पायरीपायरीने जे होतं ते, तळाचा म्हणजे बुडबुडे. बाटलीत साखर घालायची आणि त्याच क्षणी वरच्या डब्यात पाणी ओतायचं. तळाचं पाणी आणि बुडबुडे एका चालीने चढले, तर डबे बरोबर. कधी चढले नाहीत. मग टिपणीस मेणाने एखादं भोक बारीक करत आणि पाणी तुंबून आमच्या अंथरुणावर गळे. शास्त्राशी माझा संबंध आला तो एवढाच.

एका संक्रांतीच्या आदल्या दिवशी ते बाटली घेऊन खाली आले. चेहरा उजळलेला. "रविवारी मुंबईहून प्रोफेसर येताहेत माझं काम बघायला!" इतक्या वर्षांत कुणी बघायला येण्याची ही पहिलीच वेळ. "यांना मुद्दाम उपाशी ठेवलंय. लांबलचक उपासानंतरचा पहिला घास यांना कसा लागतो, ते त्यांना दाखवायचंय. मला बहिणीकडे पेणला जाऊन यायचंय. वहिनी, तेवढी नजर ठेवा."

आमच्या सौभाग्यवतींनी नजर ठेवली. फार ठेवली. ते परत आले, बाटली उजेडात धरली आणि तशीच धरून राहिले. तळाशी पांढरे तीळ पडले होते.

"वहिनी, हे तीळ?"

"हलवा घातला होता, भाऊजी. मूठभरच. घरी केलेला आहे, स्वच्छ आहे. सणासुदीला शेजारचं लेकरू उपाशी कसं ठेवायचं?"

मी छताकडे बघू लागलो. उपासही गेला आणि पहिला घासही गेला. नव्याने उपाशी ठेवायला रविवारपर्यंत वेळ नव्हता. टिपणीस बाटली पोटाशी धरून जिना चढले. मग वरून पत्रा ठोकल्याचा आवाज येत राहिला.

रविवारी सकाळी आमच्या दोन खुर्च्या वर गेल्या. बायकोने पापक्षालन म्हणून पोहे केले. दुपार झाली, पोहे गार झाले, जिन्यावर कुणाची पावलं वाजली नाहीत. निरोपही नाही. संध्याकाळी आम्ही खुर्च्या आणायला गेलो, तर टिपणीस इस्त्रीचा कोट घालून उभे होते.

"बसा," ते म्हणाले.

आम्ही प्रोफेसरांच्या जागी बसलो. त्यांनी सगळं पहिल्यापासून समजावलं. डबा न् डबा, भोक न् भोक. मला काही कळलं नाही, पण अशी मान मी ऑफिसात साहेबापुढेही हलवलेली नाही. सगळ्यांत वर एक नवीन, लहानसा डबा दिसला. तो कुठल्याच डब्याला जोडलेला नव्हता.

"हा कसला?" बायकोने विचारलं.

"हलव्याचा. कुणी आपणहून येऊन काही दिलं तर काय होईल, याचा मी हिशेबच धरला नव्हता, वहिनी. इतकी वर्षं तसं काही झालंच नाही ना." मग जरा चाचरत, "उरलाय का थोडा?"

तिने खालून वाटी आणली. तिने बाटलीत हलवा टाकला, त्यांनी त्या नव्या डब्यातलं पाणी वरच्या डब्यात ओतलं. तळाचं पाणी चढू लागलं, नळीत बुडबुडे चढू लागले. थोडा वेळ दोघं बरोबर गेले. मग बुडबुडे पुढे पळाले.

"चुकलं वाटतं," मी म्हटलं.

"चुकलंच! भोक मोठं करायला हवं." त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. मी खुर्ची उचलायला गेलो, तर त्यांनी पाठीवर हात ठेवला. माझ्या नाही, खुर्चीच्या. "पुढच्या रविवारपर्यंत करून ठेवतो. तुम्हाला सवड असेल तर..."

"येऊ की," बायको म्हणाली. "पण भाऊजी, आमच्या चहात साखर लागेल हं."

खुर्च्या आम्ही वरच ठेवल्या.