मालनआक्कांचं टाके मंडळ

आमच्या नसरापुरात एका लग्नात नवरीच्या आईनं नव्याकोऱ्या पैठणीवर जुना, विटका ब्लाउज घातला होता. मॅचिंगचा ब्लाउज शिवून तयार होता. पण तो मालनआक्कांच्या लोखंडी पेटीत होता, पेटीला कुलूप होतं आणि किल्ली आक्कांच्या कनवटीला.

"आधी डाक्टरचा कागद, मंग बिलावज," आक्कांनी सांगून टाकलं होतं. माप घेताना बाईंच्या काखेजवळ टेपाखाली गाठीसारखं काहीतरी लागलं, एवढंच निमित्त. बाई रडल्या, चिडल्या, नवऱ्याला घेऊन आल्या. आक्कांनी मशीनवरून मानसुद्धा वर केली नाही. लग्नानंतर बाई तणतणत दवाखान्यात गेल्या. तपासणी झाली, गाठ साधी निघाली. कागद आक्कांच्या मशीनवर आपटून म्हणाल्या, "घ्या! आता काय उपयोग? लग्न झालं की!"

आक्कांनी पेटी उघडली. "मंग बारशाला घाल."

माझं किराण्याचं दुकान आक्कांच्या दुकानाला लागून. मधे एक फळकुटाची भिंत, त्यामुळे गेली दहा वर्षं तालुक्यातल्या निम्म्या बायकांच्या मापांचे आकडे मला इच्छा नसताना ऐकू येतात. आक्का मापांच्या वह्या फेकत नाहीत. दहा वर्षांपूर्वी कुणाची छाती किती होती ते वहीत बघून सांगतील. "मागल्या खेपंला दोन्ही बाजू सारख्या व्हत्या, आता उजवी का वर वडलीय?" असं भर दुकानात विचारतील. बाई लाजून पदर ओढते. आक्का म्हणतात, "लाजायला काय झालं? चोरून आणलीय व्हय?"

ज्यांच्या छातीचं ऑपरेशन होऊन एक बाजू काढलेली असते, अशा बायका लांबलांबून त्यांच्याकडे येतात. कापूरहोळहून, गुंजवण्याहून, पार वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांमधून. त्यांच्यासाठी आक्का ब्लाउजच्या आतून खिसा शिवतात आणि खिशात ठेवायला कापडाची भरीव गादी करून देतात. तिला त्या करंजी म्हणतात. करंजीला वजन पाहिजे, नाहीतर बाईचा तोल जातो आणि एक खांदा वर चढतो, हे आक्कांचं शास्त्र. वजन कुठे करायचं? माझ्या दुकानात.

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना आक्का काउंटरवर करंजी ठेवणार. "शेट, बघा बरं, अडीचशे भरतीय का?"

एकदा पोस्टमननं सहज विचारलं, "आक्का, आत सारण कसलं?"

"तुमच्या बायकूला इचारा," आक्का म्हणाल्या, "न्हाईतर द्या तिला पाठवून, म्या दावते." पोस्टमन पुढचे कितीतरी दिवस आमचं टपाल खिडकीतून आत टाकून पळत होता.

सुरुवातीला सारण बाजरीचं असे. माझ्याच दुकानातली निवडक बाजरी. मग गुंजवण्याची एक बाई भाताच्या लावणीला गेली. चार दिवस सलग पाऊस, गुडघाभर चिखल, अंगावरचं काही वाळायलाच तयार नाही. पाचव्या दिवशी ती टेम्पोतून उतरली ती थेट आक्कांच्या दुकानात.

"आक्का, मला मोड आलं!"

मी दारातून डोकावलो, तर करंजीतून खरंच हिरवे कोंब बाहेर आले होते. मी ओशाळून परत माझ्या पोत्यांमागे सरकलो. आक्कांनी करंजी उलटसुलट करून पाहिली, फळीवर टकटक केलं आणि ओरडल्या, "शेट, बियाणं लई चांगलं व्हतं हां तुमचं!"

ती बाई आधी रडत होती. मग हसायला लागली, ती खाली बसून पोट धरून हसली. पुढे आक्कांनी मोहरी करून पाहिली, तिला वास मारायला लागला. शेवटी सावरीचा कापूस आणि वजनाला काचेचे मणी यावर गाडी थांबली. पाण्याला सावरी दाद देत नाही.

बाजाराच्या दिवशी या बायका आक्कांच्या दुकानात जमतात. कुणी औषधानं केस गेलेली, कुणी तोंडाची चव गेलेली. कुठल्या दवाखान्यात कुठला कागद आधी लागतो, उलट्या होत असताना पोटात काय ठरतं, नवऱ्याला काय सांगायचं, सगळं तिथे चालतं. एका पुढाऱ्यानं दारातून विचारलं, "हे कोणतं मंडळ म्हणायचं?"

"टाके मंडळ," आक्का म्हणाल्या. "काही म्या घालते, काही डाक्टर."

मी हे सगळं फळकुटाच्या अलीकडून ऐकायचो आणि हसायचो. शेजारच्या घरातली गोष्ट असते तशी.

मग भाच्याच्या मुंजीसाठी माझ्या बायकोनं, सुनंदानं, आक्कांकडे कापड टाकलं. माप घेण्याचा आवाज आला. मग परत तेच माप. मग तिसऱ्यांदा. मग जुनी वही उघडल्याचा. मी इकडून ओरडलो, "आक्का, मुंजीच्या आधी मिळणार का कुलपात जाणार?"

आक्का माझ्या दुकानात आल्या आणि दहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. "शेट, सुनंदाला आजच घेऊन जावा."

"आक्का, आजच माल उतरलाय. चार दिवसांनी नेतो की."

आक्का वाद घालत बसल्या नाहीत. माझ्या दुकानाच्या पायरीवर मांडी घालून बसल्या. साखरेला आलेल्या माणसाला म्हणाल्या, "दुकान बंद हाय." तेलाला आलेल्या बाईला म्हणाल्या, "पलीकडल्या दुकानात जा, तिथं सस्त मिळतं." तिसरं गिऱ्हाईक परत गेल्यावर मी गल्ल्याला कुलूप लावलं.

गाठ साधी निघाली नाही.

पुण्याच्या फेऱ्या झाल्या, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. सुनंदा घरी आली ती गप्प होऊनच. डावा हात उचलत नव्हता, त्यामुळे वेणीसुद्धा मीच घालायचो. ती वेणी म्हणजे पोत्याचं तोंड बांधल्यासारखी असायची. ती आरशात बघायची नाही, म्हणून खपून जायचं.

जखम भरल्यावर, डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही म्हटल्यावर, आक्का रोज दुपारी घरी यायला लागल्या. सुनंदाला स्वयंपाकघराच्या भिंतीसमोर उभं करायच्या. "बोटं ठिव भिंतीला. आता मुंगी चढव. वर. अजून."

जिथे बोटं थांबतील तिथे शिंप्याच्या निळ्या खडूनं रेघ मारायच्या. दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या वर गेल्याशिवाय चहा नाही. माझी बायको बावीस वर्षांच्या संसारात कधी शिवी देताना मी ऐकली नव्हती. त्या भिंतीपाशी मी तिच्या तोंडून अशा शिव्या ऐकल्या, की बाहेर जाऊन उभा राहिलो. आक्का खूश. "दे, दे. शिवी देताना हात बोटभर वर जातोय बघ."

महिनाभरात निळ्या रेघा सुनंदाच्या डोक्यावर गेल्या. एका दुपारी तिनं स्वतःच स्वतःची वेणी घातली होती. दम खात ती म्हणाली, "आक्का, एकदा तुम्ही दाखवा की, शेवटी कुठवर जायला पाहिजे?"

"म्या कशाला?"

"दाखवा तर."

आक्कांनी इकडेतिकडे बघितलं. मी चहा गाळत होतो. त्यांनी उजवा हात भिंतीला लावला. बोटं चढली, खांद्याएवढी गेली आणि तिथे थांबली. त्यांनी ओठ आवळले, पण हात वर गेला नाही.

"माझ्या आपरेशनला बारा वर्सं झाली," आक्का म्हणाल्या. "वेल्ह्याकडं ऱ्हात व्हते तवा. दवाखान्यातनं यष्टीनं एकटीच आले. यायामाचा कागद दिलता त्यांनी. चित्रं व्हती, समदं समजत व्हतं. पण लई दुखायचं गं. कागद काय, 'अजून थोडं' म्हणत न्हाई."

हात खाली घेऊन त्या पदर सारखा करायला लागल्या. दहा वर्षं माझ्या शेजारी ही बाई बसत होती. फळकुटापलीकडून मला अख्ख्या तालुक्याची मापं ऐकू आली, हे एक सोडून.

सुनंदानं त्यांच्या हातातला खडू घेतला. आक्कांचा हात धरून परत भिंतीला लावला आणि बोटं थांबली तिथे रेघ मारली.

"आता जुनं झालं गं ते. आता काय व्हायचंय?"

"डॉक्टरांना विचारून घेऊ. मी येते बरोबर." सुनंदा म्हणाली. "तोवर दुखेल इतकं नाही. अजून थोडं."

आक्कांची बोटं नखभर सरकली. मी चहाचे कप घेऊन तसाच उभा होतो. चहा निवला तरी कुणाला त्याचं काही नव्हतं.