मामांनी मोडायला घेतलेली अमेरिका

"सात समुद्रांच्या पल्याड, बाई, दिवा गं लुकलुकं
नाव निघाली तिकडं, माझं काळिज धुकधुकं"

नेवाशाजवळच्या गावी पहाटे जात्यावर राहीबाई ही ओवी गायची. तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकणाऱ्या तिच्या पोराच्या, गहिनीनाथाच्या मनात तो दिवा काही उतरला नाही. उतरली ती धुकधुक. पुढं तो नगरच्या कॉलेजात परदेशी व्यापार शिकवू लागला. कुठल्या मालानं कुठल्या देशात कसं शिरावं, हे फळ्यावर नकाशा काढून सांगायचा. पण समुद्र रंगवायची वेळ आली की खडू एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती द्यायचा. मुंबईसुद्धा त्यानं पाहिली नव्हती.

बहात्तर साली प्राचार्यांनी परस्पर त्याचं नाव अमेरिकेतल्या एका विद्यापीठाला कळवलं. तिथं दोन वर्षं शिकायचं, परत येऊन इथं नवा विभाग उभारायचा. उमेदवाराचं घरदार बघायला तिकडचे एक प्राध्यापक थेट गावी येणार होते. नाही म्हणावं तर प्राचार्य दुखावणार. आणि आई? तिनं तर जात्यावरच त्याची रवानगी ठरवलेली. गहिनीनाथाचं अन्न तुटलं.

मग त्याला काकासाहेब मामा आठवले. लग्नाच्या बैठकीत मामा बसले की सोयरीक मोडलीच. अशा मागण्या घालायचे की पोरीकडचे टोप्या उचलून निघत. "मामा, तुमी निस्तं बैठकीला बसा," एवढंच त्यानं विनवलं. खरं कारण सांगायची लाज वाटली.

मामा फेटा बांधून आले. अमेरिकेचे साहेब घोंगडीवर कशीबशी मांडी घालून बसले. प्राचार्य दुभाषे झाले.

"पोरगं आमचं हाय, मागनी तुमची हाय," मामांनी सुरुवात केली. "बाजरीची भाकर मिळंल का?"

साहेब म्हणाले, चूल देऊ, पीठ तुम्ही धाडा. दिवाळीचं विचारलं, तर रजा कबूल. आजारपणाचं विचारलं, तर डॉक्टर कबूल. मामा चुळबुळू लागले. आजवर त्यांच्या दुसऱ्या अटीपर्यंत कुणी टिकलं नव्हतं. अखेर मामांनी ठेवणीतली मागणी काढली.

"मग आमची बहीनबी न्यावी लागंल. भाकरी कोन थापनार?"

साहेबांनी शेजारची टोपी उचलली. गहिनीनाथाचा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच ते हसले. राहायला घर आहे, म्हणाले, आईसाहेबांनी जरूर यावं. आणि असल्या वाटाघाटी ज्याच्या घरात चालतात, तो माणूस आम्हाला हवाच. मामांनी हरल्याचं तोंडावर दिसू दिलं नाही. पेढे मागवले.

पाहुणे गेल्यावर राहीबाई दळायला बसली. गहिनीनाथ लहानपणीसारखा तिच्याशेजारी टेकला, आणि इतकी वर्षं दाबलेलं सगळं बाहेर आलं.

"आई, मला लई भ्या वाटतंय गं. तुझ्या ओवीसाठी गप बसलो हुतो."

जातं थांबलं. राहीबाईनं पदरानं त्याचं कपाळ पुसलं. मग नव्या नवरीसारखी खाली मान घालून म्हणाली,

"ती ओवी तुझी न्हवतीच, बाळा. मलाच जायाचं हुतं. तू चल माझ्यासंगं, भिऊ नगंस."