हेडबाईंचं खरं माप

हेडबाईंनी व्यायाम करायचं ठरवलं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून नव्हे. डॉक्टर सहा वर्षं सांगत होते आणि बाई सहा वर्षं ऐकून घेत होत्या. (ऐकणं आणि ऐकून घेणं यातला फरक शाळा चालवणाऱ्या माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही.) ठरवलं ते उपमुख्याध्यापकांमुळे. एका सोमवारी बाई तीन जिने चढून आपल्या ऑफिसात पोचल्या, खुर्चीत बसल्या आणि बोलण्यापुरता श्वास गोळा होण्याची वाट बघत होत्या. तेवढ्यात उपमुख्याध्यापक मान तिरकी करून म्हणाले, "बाई, तुमचं ऑफिस तळमजल्यावर हलवू या का? जुन्या नकाशांची खोली रिकामीच आहे. गुडघ्यांना आराम पडेल. वरचं काय, मी बघेन."

त्यातलं 'वरचं मी बघेन' बाईंच्या मस्तकात गेलं.

"ऑफिस इथून एक इंचही हलणार नाही," त्या म्हणाल्या. पण हे वाक्य तीन श्वासांत पुरं झाल्यामुळे त्याला हवी तशी धार आली नाही. तिथेच त्यांनी मनाशी गाठ बांधली. हलायचंच असेल तर मी हलेन, ऑफिस नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला त्या जवळच्या सभागृहात बायकांच्या व्यायामवर्गाला हजर झाल्या, कपाटातला सगळ्यांत ढगळ टॉप घालून. तसं कपाटात दुसरं काही नव्हतंच. गेली वीस वर्षं बाई कपडे घ्यायच्या ते नेसण्या-घालण्यासाठी नव्हे, दडी मारण्यासाठी. पण दडी मारून वाकता येत नाही. 'पायाचे अंगठे धरा' असा हुकूम झाला. बाईंनी वाकून जे धरलं तो टॉपचा घेर निघाला, पायही त्याच घेरावर पडला होता, आणि सरळ व्हायच्या वेळी मान गुडघ्यापाशीच राहिली. शेजारच्या दोघींनी मिळून त्यांना उलगडलं.

शिकवणारी मुलगी फूटपट्टीसारखी होती, पण मनाने चांगली. "काकू," ती म्हणाली, "अंगाबरोबरचे कपडे घालून या. असल्या तंबूत पाय अडकून पडाल एखाद दिवशी."

अंगाबरोबरचे कपडे! जणू ते दुकानात टांगलेलेच असतात. बाई त्या आठवड्यात पाच दुकानं फिरल्या. पहिल्या दुकानदाराने "फ्री साइज आहे, सगळ्यांना होतं," म्हणून जे पुढे केलं, ते बाईंच्या एका पायाला झालं असतं. दुसऱ्याने मोठ्या मापात बरेच प्रकार असल्याचं सांगितलं.

"दाखवा."

"हा काळा."

"दुसरा?"

"हा पण काळाच. पण जरा विटका."

बाई गणिताच्या. एक्सची किंमत काढायला शिकवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. पण एका दुकानातले तीन एक्स दुसऱ्या दुकानातल्या दोन एक्सपेक्षा आखूड कसे, हे समीकरण काही केल्या त्यांना सुटेना. पाचव्या दुकानातली विक्रेती तर बाईंना नुसती पायरी चढताना पाहूनच म्हणाली, "नाही हो तुमचं." बाई पायरीवरूनच परतल्या. मात्र घरी येऊन रडल्या नाहीत. हात-पाय धुतले आणि वहीत 'दुकान पाच : नापास' असं लाल शाईने लिहिलं.

इथे बाईंच्या यजमानांनी प्रकरणात लक्ष घातलं. यजमान पाणीपुरवठा खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं पाइपांचे नकाशे काढले, एक जोड चुकला नाही, हे ते आठवड्यातून एकदा तरी सांगत. "अगं, मापाचीच तर भानगड आहे ना? मग ते माझ्यावर सोड," ते म्हणाले, आणि कपाटातून आपला पोलादी टेप घेऊन आले. बाई स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. यजमानांनी टेप कमरेभोवती नेला, आकडा वाचायला चष्मा कपाळावर चढवला, आणि हात सुटला. टेप सप्पकन परत आला तो बाईंच्या कोपराला आणि यजमानांच्या नाकाला प्रसाद देऊन.

"अहो, मी टाकी आहे का पाण्याची?"

"हलू नकोस. हलल्यावर रीडिंग चुकतं."

रीडिंग झालं. यजमानांनी आलेखाच्या कागदावर बाईंचा समोरून, बाजूने आणि वरून असे तीन नकाशे काढले. (वरून काढलेला नकाशा बाईंनी फाडला.) मग कॉम्प्युटरवर बसून ट्रॅकपँट मागवली. पाचव्या दिवशी पार्सल आलं. ते हातात घेताच बाईंना शंका आली, कारण ते लिफाफ्याएवढं होतं. आतून गुलाबी ट्रॅकपँट निघाली. खिशावर ससा होता.

"हे कुणाचं?"

"तुझंच. चौदा इंच."

"माझी कंबर चौदा इंच?"

"चव्वेचाळीस आली होती. पण तो परीघ झाला. त्याला 'पाय'ने, म्हणजे बावीस सप्तमांशने भागलं, की व्यास चौदा. अगं, पाइप नेहमी व्यासानेच मागवतात!"

बाईंनी एकदा सशाकडे पाहिलं, एकदा यजमानांकडे. "चला," त्या म्हणाल्या. "पायात घाला काहीतरी. सहावं दुकान बघायचं राहिलंय."

सहावं दुकान फक्त खेळाच्या कपड्यांचं होतं, आरशांनी लखलखणारं. तिथे एकाने बाईंना एक टॉप दिला आणि सांगितलं, "दिसतो लहान, पण ताणतो." ताणत होता हे खरंच. बाईंनी ट्रायलरूमचं दार लावलं, हात वर करून टॉप डोक्यातून घातला, आणि खांद्यांपाशी येऊन तो थांबला. खाली येईना, वरही जाईना. हात छताकडे, डोकं कापडात, आणि समोरच्या आरशात आपण कशा दिसतोय हे दिसत नव्हतं, तेवढीच देवाची कृपा.

बाहेर स्टुलावर बसलेल्या यजमानांनी थोड्या वेळाने विचारलं, "अगं, झालं का?"

"अडकलं!" बाई आतून ओरडल्या. कापडातून आवाज कसा तरी बाहेर पडला.

"आवडलं? वा! मग घेऊन टाकू."

"अहो, अडकलं! अडकलं!"

"बरं बरं, एवढं आवडलंय तर दोन घेऊ. रंग कुठला सांगू?"

आतून दारावर लाथ बसली. तेव्हा कुठे दुकानातल्या कपडे कमी-जास्त करून देणाऱ्या शिंपिणीला बोलावणं गेलं. ती गळ्यात टेप आणि हातात कात्री घेऊन आली, कात्रीच्या टोकाने बाहेरूनच खिट्टी सरकवून आत शिरली, आणि बोलत बोलतच शिरली.

"हात वरच ठेवा हं, ताई. खाली आणलेत तर आणखी आवळेल. अवघडले असतील तर बोटं एकमेकांत गुंफा, म्हणजे रग लागत नाही. मला शाळेपासून सवय आहे ना! आमच्या हेडबाई उठल्यासुटल्या मला हात वर करून वर्गाबाहेर उभं करायच्या."

बाईंनी आतल्या आत श्वास रोखला. हा आवाज त्यांनी एका मैलावरूनही ओळखला असता. शाळेत हिला सगळे टकळी म्हणायचे. तोंड सुरू झालं की सूत संपेपर्यंत थांबायचं नाही. बाईंनी ठरवलं, एक शब्द बोलायचा नाही. चेहरा झाकलेला आहे. तसंच सुटायचं, पैसे टाकायचे, निघायचं.

"बाजूची शिवण उसवते," टकळी म्हणाली. "सात इंच आहे. इंचाला आठ टाके. सात आठे चोपन्न टाके. दोन मिनिटांत सुटाल."

"छप्पन्न!" टॉप गरजला.

कात्री थांबली.

"बाई?"

आता लपण्यात अर्थ नव्हता. "हो. आणि उठल्यासुटल्या नव्हे. आठवड्यातून दोनदा."

टकळी हसली नाही. हे बाई जन्मभर विसरणार नव्हत्या. तिने गुपचूप छप्पन्न टाके उसवले, टॉप वरून अलगद काढला, आपली ओढणी बाईंच्या खांद्यावर टाकली आणि टॉप दिव्यापुढे धरला.

"तुमचं काही चुकलेलं नाही, बाई. हे कापणाऱ्याचं चुकलंय. बारीक मुलीचं माप घेतलंय आणि चहूबाजूंनी फुगवलंय. माणूस काय फुग्यासारखं वाढतं? दंडाला जागा नाही, काखेत तुकडा नाही, अन् गळा बघा केवढा, नुसता खांद्यावरून घसरणार. मी घरी शिवते तुम्हाला. पण एक अट. माप खरं द्यायचं."

"मी कधी खोटं..."

"पोट आत ओढलंय तुम्ही. आत्तासुद्धा."

बाईंनी पोट सोडलं. कुणासमोर जाणूनबुजून सोडायची ही पहिलीच वेळ.

"सगळ्या बायका श्वास रोखून माप देतात," टकळी टेप फिरवत म्हणाली, "आणि मग कपडा मात्र श्वास घेत घालायला बघतात. कसा होईल?"

बाईंनी खांद्यावरची ओढणी नीट केली. मग म्हणाल्या, "तुला मी फार उभं केलं गं."

"केलंत खरं. पण तिथून समोर शिवणाचा वर्ग दिसायचा ना! मी खिडकीतूनच शिकले सगळं. मग काय, मुद्दामच बडबड करायचे." तिने आकडा वहीत टिपला. "रंग?"

"काळा. काळ्यात माणूस जरा..."

"काळा नाही. मोरपिशी. आणि खिसे."

आठ दिवसांनी कपडे आले. कमरेला रुंद, उंच पट्टा होता. वाकलं तरी तो सरकत नव्हता की पोटात रुतत नव्हता. काखेत चौकोनी तुकडा होता, त्यामुळे हात वर केला तर टॉप मागोमाग येत नव्हता. बाईंनी आरशासमोर दोन्ही हात वर केले, खाली आणले, पुन्हा वर केले. यजमान दारातून बघत होते. "बारीक दिसतेस," ते म्हणाले.

"नाही दिसत," बाई म्हणाल्या. "जेवढी आहे तेवढीच दिसते. आणि चांगली दिसते."

मग मात्र त्या थांबल्या नाहीत. पाऊस असो, थंडी असो, साडेसहाला मोरपिशी रंग सभागृहात हजर. अंगठे हाती लागायला सात आठवडे लागले. (पहिल्यांदा लागले तेव्हा बाईंनी ते सोडायलाच नकार दिला.) तीन महिन्यांनी उपमुख्याध्यापकांनी तळमजल्यावरच्या त्या नकाशांच्या खोलीचा विषय पुन्हा काढला. बाई त्यांना चालता चालता म्हणाल्या, "वर या, बोलू," आणि पुढे निघाल्या. दुसऱ्या जिन्यावर उपमुख्याध्यापकच कठडा धरून उभे राहिले. विषय पुन्हा निघाला नाही.

वर्गातल्या बायकांनी कपड्यांचा पत्ता विचारून विचारून भंडावून सोडलं. वर्षाच्या आत टकळीने नोकरी सोडली आणि एका खोलीचं स्वतःचं दुकान थाटलं. बाई मोरपिशी जोड घालूनच शाळेत घालायचे कपडे शिवून घ्यायला तिथे गेल्या, तेव्हा दारातच रस्त्याकडे पाठ करून एक भरदार पुतळा उभा होता. दुकानात मिळतात तसल्या काटकुळ्या पुतळ्याला टकळीने चिंध्या आणि कापूस बांधून अंग आणलं होतं, वर मोरपिशी जोड आणि केसांचा टोप घातला होता.

"ही बाई छान दिसते गं," बाई म्हणाल्या. "ताठ उभी आहे अगदी."

"तुम्हीच आहात," टकळी म्हणाली. "तुमच्याच मापाची केलीय. गिऱ्हाइकं तिला बघून आत येतात."

बाई पुतळ्याभोवती एक फेरी मारून आल्या. त्यांनी पुतळ्याची बाही उगाच नीट केली आणि पडद्याआड माप द्यायला गेल्या, पोट सोडून. थोड्या वेळाने दारातून ओळखीचा आवाज आला. यजमान त्यांना न्यायला आले होते, चष्मा नेहमीसारखा कपाळावर.

"...आणि रविवारी तुझ्या बहिणीकडे मी येणार नाही," ते म्हणत होते. "स्पष्टच सांगतो. तिच्या नवऱ्याचं तेच तेच ऐकून माझे कान किटलेत. दुसरं, तुझी ती निळी बरणी मांजराने नाही, मीच फोडली. झालं. पाच वर्षांचं ओझं उतरलं. तुला राग नाही ना आला?"

बाईंनी पडदा बाजूला केला. "अहो, कोणाशी बोलताय?"

यजमानांनी आवाजाकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, मग घाईघाईने चष्मा डोळ्यांवर ओढला. टकळीने तोंडात ओढणीचा बोळा कोंबला.

"तिचेही कपडे तसेच आहेत," यजमान चाचरत म्हणाले. "पाठमोरी होती. घेरही तोच..."

"घेर राहू दे! किती वेळ बोलत होतात?"

"असेन दहा मिनिटं."

"दहा मिनिटांत ती एका शब्दाने तुम्हाला आडवी आली नाही, तरी तुमच्या लक्षात नाही आलं ती मी नव्हे म्हणून?"

"आलं ना लक्षात," यजमान म्हणाले. "मला वाटलं, व्यायामाचा गुण येतोय."