चाळिसाव्या पानावरची सूचना

परक्या देशात जाऊन आजारी पडण्यापेक्षा इथेच आधी सावध होणं केव्हाही शहाणपणाचं. याच उदात्त तत्त्वावर प्रवासी लसीकरण केंद्र अकरा वर्षं उभं आहे (इमारत जरा कलली आहे, तत्त्व नाही). इथून गेलेला एकही प्रवासी परदेशात तापानं फणफणलेला नाही, असं दारावरच्या फलकावर ठळक लिहिलं आहे. एकूण किती प्रवासी गेले, हे लिहायला तेवढी जागा उरली नाही.

निवृत्त ग्रंथपाल तिथे आले ते मुलीसाठी. मुलगी तापाच्या देशात, दिवस भरत आलेले, आणि ‘मी येतो’ असा शब्द ते देऊन बसलेले. लशीच्या दाखल्याशिवाय विमानात पाय ठेवायची सोय नव्हती.

कार्यपद्धती सोपी होती. आधी सूचनापुस्तिका वाचायची. पानं चाळीस, प्रत एकच, टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेली. वाचून सही करायची. वाचलेलं अंगात मुरावं म्हणून तीन दिवस थांबायचं. मग लस. मात्र त्या दिवशी अंगात ताप असला, तर वाचन रद्द.

तीन दिवसांनी ग्रंथपालांना ताप होता.

“आजोबा, एकशे एक आहे,” नर्सबाई म्हणाल्या. “बरे झालात की पुन्हा वाचा.”

बरे झाल्यावर त्यांनी पुन्हा वाचली. पुन्हा ताप. बाकावर ओळखीचे, नाक पुसणारे चेहरे वाढत चालले. फोनवर मुलगी म्हणाली, “बाबा, आता बाळच येईल तुम्हाला विमानतळावर घ्यायला!”

केंद्रानं आकडेवारी चोख ठेवली होती. शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांना ताप येई. उरलेल्या सहांना वाचता येत नसल्यामुळे पुस्तिका वाचून दाखवली जाई. शिक्षणानं प्रतिकारशक्ती घटते, असा अहवाल वर गेलेला आहे.

तिसऱ्या वाचनात ग्रंथपाल शेवटच्या पानावर थबकले. ‘पुस्तिकेची पानं उलटताना बोट जिभेला लावू नये.’ ही सूचना त्यांनी याआधी दोनदा वाचली होती, पसंतीची मानही डोलावली होती. वाचनालयात त्यांनी जन्मभर लोकांना झापलं होतं, “अहो, पुस्तक आहे, पोस्टाचं तिकीट नव्हे!” आणि आत्ता त्यांचं स्वतःचं बोट ओलं होतं.

“बाई, ही सूचना पहिल्या पानावर घ्या ना,” ते चाचरत म्हणाले.

“पहिल्या पानावर साहेबांचा फोटो आहे, आजोबा.”

त्यांना तिसऱ्यांदा ताप आला.

चौथ्या वेळी त्यांनी पुस्तिकेला हातच लावला नाही. बराच वेळ नुसतं तिच्याकडे बघत बसले आणि उठले.

“पूर्ण वाचलीत?”

न वाचलेल्या पुस्तकाला या माणसानं हयातीत ‘वाचलं’ म्हटलं नव्हतं. कान लाल झाले.

“वाचली,” ते म्हणाले.

तीन दिवसांनी अंग थंडगार होतं. त्यांना लस मिळाली, दाखला मिळाला. ते पोचले तेव्हा नात सोळा दिवसांची होती. तिनं आजोबांचं तेच बोट मुठीत घट्ट धरलं (त्यांनी ते चारदा धुतलं होतं).

केंद्रानं ही हकीकत पुस्तिकेच्या नव्या आवृत्तीत घेतली आहे. तीच आपण आत्ता वाचलीत. सुतळीला ताण देऊ नये. इथवर येताना आपलं बोट कुठे कुठे गेलं, ते आम्ही विचारत नाही. सही करा. तीन दिवसांनी कळेलच.