होकायंत्राशेजारचा तवा

घरामागून कॅनॉल वाहतोय, परड्यात विहीर आहे, आणि आमचे गेनूमामा एका तांब्यात आंघोळ करतायत. अर्धा तांब्या अंगाला, उरलेल्या अर्ध्यात टॉवेल पिळायचा. तोंड धुणं म्हणजे पंजा ओला करून मिशीवरून फिरवणं. सरूमामी, म्हणजे त्यांची बायको, भरलेली बादली आणून आदळायची. "अवो, समद्या गावाचा ऊस पाण्यात उभा हाय आन् तुमी थेंबाथेंबाला जपताय! लोकं हसत्यात!" मामा मिशी पुसत शांतपणे म्हणायचे, "बोटीवर हे चालत न्हाई."

कुठं घाटावरचं आमचं यवत गाव आणि कुठं बोट! नवखा माणूस हे ऐकून हसायचाच. पण मामा खरोखर बोटीवर जाऊन आले होते. मूळचे मेंढरंवाले धनगर. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत वर यायचं, हे त्यांच्या आज्यापासून चाललेलं. एका साली कोकणातल्या किनाऱ्यावर कुणा कॅप्टनसाहेबांची शिडाची बोट दुरुस्तीला ओढून ठेवलेली त्यांनी बघितली. झालं! मेंढरं भावाच्या गळ्यात मारली आणि हे तिथंच दोर वळत बसले. साहेब मोठ्या जहाजांवरून रिटायर झालेले, त्यांना आता नुसत्या वाऱ्यावर आफ्रिका गाठायची होती. बरोबर जाणारा दोस्त ऐनवेळी पाठदुखीनं आडवा झाला आणि साहेबांनी गेनूमामांना उचललं. पासपोर्ट कसा झाला ते मला विचारू नका, ते साहेबांनी बघितलं. आपल्या यष्टीपेक्षा आखूड बोट, माणसं दोन, आणि चहूकडं पाणी. पण पोचले. येताना मामा विमानानं आले.

"आलं ते निम्मंच आलं," असं सरूमामी म्हणायची. बूड म्हणून टेकायचं नाही. बोटीवर एकानं झोपायचं आणि दुसऱ्यानं जागायचं असा नियम, तो घरीही चालू. जरा डोळा लागला की उठून दारात उभे. चालायला निघाले की बोट जेवढी लांब तेवढंच चालणार आणि गर्रकन माघारी वळणार. स्टँडवर त्यांच्यामागून येणारा माणूस हमखास धडकायचा, आणि वर मामाच त्याला झापायचे. घरातली एकूणएक वस्तू दोरीनं बांधलेली. डबे बांधले, कंदील बांधला, शेवटी देव्हाऱ्यातल्या खंडोबाच्या टाकालाही दोरी पडली. "अवो, देव कुठं पळून चाललाय व्हय?" मामीनं कपाळावर हात मारला. एकदा साखर कारखान्याच्या निवडणुकीत पुढारी घसा ताणून बोलत होता. मामांनी सभेत उभं राहून वाऱ्याचा अंदाज घ्यायला डावा गाल फिरवला, उजवा फिरवला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "वारं पडलंय. शिडं उतरवा आता." पुढाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं. पुढं तो पडला, पण ते मामांमुळं नव्हे.

माझं स्टँडसमोर एस.टी.डी. बूथ होतं. मोबाईल तेव्हा आमच्याकडं यायचे होते. गावातल्या निम्म्या लोकांचे निरोप माझ्याच फोनवर यायचे, आणि त्यातच गेनूमामांचा एक यायचा होता. आफ्रिकेत निरोप घेताना साहेब म्हणाले होते, "गेनू, पुढच्या खेपेलाही तूच. फोन करतो." माझा नंबर मामांनी त्यांना मागाहून कार्डानं कळवला होता. ते कार्ड मीच लिहिलं, म्हणजे हे लोढणं मीच गळ्यात बांधून घेतलं. मामा रोज सकाळी बूथवर हजर. स्टूल दिलं तर बसायचे, पण फोन वाजला की ताडकन उभे. पलीकडून कुणीतरी लग्नाची तारीख विचारत असायचं. मामा पुन्हा बसायचे, पुन्हा उठायचे, दाराबाहेर एक बोटभर, म्हणजे बोटीएवढी, चक्कर मारून यायचे. मला तर बघूनच दमायला व्हायचं. अशी वर्षं गेली. दारामागं त्यांची पिशवी कायम भरलेली असायची. मामी बिचारी अधूनमधून तिच्यातले कपडे काढून उन्हात घालायची आणि परत भरून ठेवायची.

एक दिवस मी वैतागलो. ऐन बाजाराची गर्दी, आणि हे मधे-मधे लुडबुड करतायत. म्हणालो, "मामा, तुमचा साहेब तुम्हाला विसरला. आता शेळ्या राखा गुमान."

मामा असे भडकले की गिऱ्हाईक बाहेर गेलं. "इसरल कसा? रागावलाय त्यो! तुला काय म्हाईत!" आणि मग आवाज एकदम उतरला. "चूक माझी हाय. कुणाला बोललो न्हाई म्या."

चूक अशी. बोटीवर जायचं तर भाकरीशिवाय कसं भागणार, म्हणून मामांनी घरचा बिडाचा तवा नेला होता. चांगला जाड, जड. भाकरी झाली की तो टांगायचा कुठं? एक खुंटी रिकामी दिसली, तिथं टांगला. खुंटीच्या शेजारी लाकडी खोक्यात साहेबांचं होकायंत्र. लोखंड जवळ आलं की त्याचा काटा फिरतो, हे मेंढरामागं हिंडणाऱ्याला कोण सांगणार? भाकऱ्या भाजायच्या तेवढा वेळ काटा सरळ, तवा खुंटीला गेला की वाकडा. साहेब सूर्य बघून हिशेब मांडायचे तर बोट भलतीकडंच. त्यांनी यंत्र खोलून पुसलं, नकाशे उलटेसुलटे केले, चष्मा बदलला. मामा शेजारी बसून त्यांना धीर देत होते, "व्हतं असं, साहेब. भाकरी खावा."

शेवटी तवा सापडला. साहेबांनी तो उचलला आणि काही न बोलता समुद्रात भिरकावला. वाट एवढी वाकडी झाली होती की पुढं पाणी पुरेना. मग तांब्यावर रेशन आलं. "त्या दिशी साहेब दिसभर बोललं न्हाईत," मामा म्हणाले. "दोन मानसं, आन् त्यातलं एक बोलत न्हाई. तुला कळायचं न्हाई त्ये. त्ये काय मला आता परत बोलवत्यात? पन वाटतंच की रं, एकदा बोलवावं. एवढी एक चूक पोटात घालावी."

मी चहा मागवला.

त्यानंतर काही महिन्यांनी, भर दुपारी, फोन वाजला. मामा नेमके शेळीला घेऊन दवाखान्यात गेले होते. पलीकडून थकलेला, हळू आवाज. "गेनू आहे का हो तिथं?"

मी हातातली पावती टाकून उभा राहिलो. मीसुद्धा! साहेब मुंबईहून बोलत होते. म्हणाले, बोट विकून टाकली, त्यालाही आता दिवस झाले. बायको गेली, पाय अधू झाले, घरात एकटाच असतो. "गेनूला शब्द दिला होता मी. तो वाट बघत असणार हे ठाऊक होतं, म्हणूनच फोन करायचा धीर होत नव्हता." मी धिटाईनं तव्याचं विचारलं. साहेब खोकत खोकत हसले. "अहो, तो फेकला ही माझीच चूक. नुसता लांब नेऊन ठेवला असता तर पुढंही भाकरी मिळाली असती." नंबर देऊन त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी मामा आले. मी म्हणालो, "मामा, साहेबांचा फोन आलता."

"कवा निघायचं?" एवढंच. वळलेसुद्धा, पिशवी आणायला.

पण सांगायला हवंच होतं. "निघायचं नाही, मामा. बोट विकली त्यांनी. रागबिग काही नाही, तव्याला तर हसत होते. तुम्हाला सांगायला जीव होत नव्हता म्हणाले. बाई वारल्या. पायानं चालवत नाही, एकटेच असतात."

मामा स्टुलावर बसले. मधे दोनदा फोन वाजला, तरी उठले नाहीत. मी म्हटलं, आता हा माणूस खचला. तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"त्यास्नी जेवाय कोन घालतं?"

"ते काय मी विचारलं नाही."

"इचारलं न्हाईस? एवढा बोलत बसलास, आन् जेवनाचं इचारलं न्हाईस?" मामा माझ्यावर खेकसले. "लाव फोन!"

मी लावून दिला. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "साहेब, गेनू बोलतोय. जेवला का?" बराच वेळ ऐकत राहिले. मग हातानं बोलायची बाजू झाकून मला म्हणाले, "खानावळीचा डबा येतो म्हनं. निम्मा परत जातो." त्यांचे डोळे भरून आले होते. "तिकडं बोटीवर एक जागा असायचा, एक झोपल्याला. दिसातनं एकदाच काय ते दोघं मिळून जेवायचो. तेवढ्यापायी साहेब झोपंतनं उठून यायचं रं. एकट्याला घासच उतरत न्हाई त्यास्नी."

आणि हात काढून फोनमध्ये ओरडले, "म्या येतो साहेब! उद्याच्या पैल्या यष्टीनं येतो. न्हाई, न्हाई, मला कुटं न्यायाचं न्हाई. तुमच्यासंगं जेवाय येतो."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. मामा रिसीव्हर कानाला लावून ढसाढसा रडत होते, आणि मी बाहेरच्या गिऱ्हाइकाकडं पाठ करून उभा होतो.