दामलेकाकांचे मेयरसाहेब

इंग्लंडमधल्या रीडिंग गावात आमच्या रस्त्यावर पानं अडकून पाणी तुंबलं, की बाकीचे शेजारी कौन्सिलला कळवतात. दामलेकाका मला फोन करतात आणि अशा वेळी ओहायोमधल्या एका मेयरने काय केलं होतं, ते सांगतात.

हा मेयर पन्नासच्या दशकातला. काकांच्या ना नात्यातला, ना गोत्यातला. काका आयुष्यभर कौन्सिलमध्ये ड्रेनेज इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर चर्चच्या जुन्या पुस्तकांच्या सेलमध्ये त्यांना या माणसावरचं एक पातळसं पुस्तक मिळालं. चौकातला स्वतःचा पुतळा रद्द करून तिथे गटार बांधणारा मेयर! काका जागच्या जागी विरघळले.

तेव्हापासून ते त्याचं चरित्र लिहिताहेत. मराठीत, फुलस्केपवर. "इंग्लिशमध्ये काय, कोणीही लिहील रे!"

बोलताना मेयरचा उल्लेख फक्त 'साहेब'. माझं प्रमोशन हुकलं तेव्हा म्हणाले, "साहेबांनासुद्धा पार्टीने पहिल्यांदा तिकीट नाकारलं होतं. चहा घे." माझ्या बायकोने, मुग्धाने, डब्यातून साबुदाण्याची खिचडी पाठवली तर निरोप आला, "साहेब उपास करत नसत. पण ही खाल्ली असती तर सुरू केले असते."

टाइप करायचं काम माझ्याकडे. दर शनिवारी सकाळी काका वाचतात, मी लॅपटॉपवर बडवतो. पूर, बर्फ, सफाई कामगारांचा संप, तीन निवडणुका असं करत बावीस प्रकरणं सुरळीत झाली. तेविसाव्यात साहेब चौथी निवडणूक हरतात. तिथे काकांची गाडी जी अडली, ती वर्षभर हलेना. पुढे जायचं सोडून काका सातव्या प्रकरणातलं गटारच पुन्हा पुन्हा खोल करत बसले.

गेल्या शनिवारी माझा पेशन्स संपला. "काका, हरू द्या की त्यांना एकदाचं! एका वाक्याचं काम आहे."

"हरले ते लिहून ठेवलंय मी केव्हाच." काकांनी चष्मा काढला. "त्यानंतर वीस वर्षं जगला तो माणूस. ऑफिस नाही, कोणाचा फोन नाही. वाइफ आधीच गेलेली. पुस्तकात त्यावर एक ओळ नाहीये. काय करत असेल रे दिवसभर? जेवताना बोलत असेल कोणाशी?"

मी वेड्यासारखा साहेबांसाठी उत्तर शोधत राहिलो. मग एकदम उमगलं. काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. इतके शनिवार मी येत होतो आणि साडेबारा वाजले की लॅपटॉप मिटून घरी जेवायला पळत होतो. मला माझीच लाज वाटली.

"काका, आज आमच्याकडे जेवायला चला."

"छे, छे. मुग्धाला न सांगता? उगाच धांदल तिची. आणि फ्रिजमध्ये कालची भाजी आहे माझी, ती वाया जाईल..."

हे सगळं ते पॅसेजमधून बोलत होते. मी चार्जर गुंडाळून बाहेर आलो, तर काका बुटांच्या नाड्या बांधून, कोटाची वरपर्यंत बटणं लावून दारात उभे होते.