मावळकोपचं एक माणूस

सखारामअण्णांच्या तावडीतून गाव न सांगता आत गेलेला माणूस मी पाहिला नाही. सत्तरच्या दशकात मी धारवाडच्या एका वस्तुसंग्रहालयात टायपिस्ट होते, तिथले ते दारावरचे शिपाई. तिकीट हरवलंत तरी चालेल, पण "याव ऊर्री? गाव कुठलं, पावणं?" याला उत्तर हवंच. वहीत नावापुढे गाव, आणि पुढच्या रकान्यात पाहुणा आत कशापाशी थांबला ते. त्यासाठी अण्णा त्या बिचाऱ्याच्या मागोमाग पाय न वाजवता हिंडत.

निष्कर्ष ठाम असत. "कलघटगीचं माणूस तलवारीपाशी थांबतंय. अळणावरचं लाकडी खांब ठोकून बघतंय. आणि हुबळीचे व्यापारी? पंख्याखाली!"

एका कॉलेजकुमाराने गंमत म्हणून 'लंडन' लिहिलं. अण्णांनी त्याला बसस्टँडवरून धरून आणलं आणि त्याचं खरं गाव, 'उणकल', लिहायला लावलं. "वहीत खोटं चालत न्हाई."

मार्चअखेर त्या वहीवरून मी गावांचा तक्ता टाइप करायची. वर्षभरात ज्या गावचं कुणीच आलं नाही ते गाळायचं, असा साहेबांचा हुकूम. त्याच आठवड्यात अण्णा एक दिवस रजा टाकत. दारावर मी बसायची, आणि अण्णा इस्त्रीचा कोट घालून पाहुण्यासारखे समोर उभे.

"इचारा की, अक्का."

"गाव कुठलं?"

"मावळकोप."

"अहो अण्णा, तुम्ही तर हुबळीत राहता!"

"राहतोय तिथं. गाव इचारलासा न्हवं?"

मावळकोप धरणात गेलं होतं. माणसं कुठंकुठं पांगली. गाव उरलं होतं ते आमच्या तक्त्यात, एका माणसापुरतं. हे कळल्यापासून मला त्या कोटाचं हसू येईना.

एका मार्चमध्ये अण्णा टायफॉइडने दवाखान्यात पडले. वर्षाचा शेवटचा दिवस संपत आला, तरी वहीत मावळकोप नाही. मला राहवेना. मी पर्स उचलली, दाराबाहेर गेले, परत आत आले, आणि स्वतःच्या नावापुढे लिहिलं : मावळकोप.

बरे होऊन आल्या आल्या अण्णांनी वही उघडली. बोट माझ्या नावावर थांबलं. माझा जन्म धारवाडचा, हे त्यांना पक्कं ठाऊक. आता आपलीही वरात बसस्टँडवरून निघणार, असं मी धरूनच चालले.

अण्णांनी आपलं स्टूल रुमालाने पुसलं आणि माझ्यापुढे सरकवलं.

"बसा की, अक्का. आपल्या गावचं माणूस लई दिसांनी आलंय."